सहाशे चाळीस किलोंत आठ जण

बेकरीवाल्याच्या बायकोचं म्हणणं एवढंच होतं, की नवऱ्याने खेळावं, खुशाल खेळावं, पण ज्यात माणसाला जेवायची परवानगी असते असा खेळ खेळावा. पत्ते आहेत, कॅरम आहे. याने निवडली रस्सीखेच.

रस्सीखेच म्हणजे दोरी धरली नि ओढली, असं कुणाला वाटत असेल, तर त्याने तिच्यापाशी येऊन घटकाभर बसावं. दोरी परगावाहून मागवायची. बूट टाचेला लोखंडी पट्टी ठोकलेले, दर मोसमाला नवे. शिवाय प्रवेश फी, पेट्रोल, कमरेचा पट्टा, आणि मलम तर किलोने. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सराव, रविवार अख्खा. गेल्या मोसमाच्या पैशांत बेकरीचं गळकं छप्पर झालं असतं. छप्पर अजून गळतंय. खाली बादली आहे आणि बादलीशेजारी बूट वाळत असतात.

पण खरी गोम वजनात होती. नियम असा, की आठ जणांचं मिळून वजन सहाशे चाळीस किलोंच्या वर जाता कामा नये. दोरीच्या शेवटी उभा राहणारा गॅरेजवाला, ज्याला सगळे डोंगर म्हणत, एकटाच सव्वाशेच्या घरात. शेवटचा गडी जड लागतो, म्हणून त्याने खायचं. मग दुसऱ्या कुणीतरी उपाशी राहायला हवं. अकरा वर्षांपूर्वी कप्तानाने, म्हणजे शाळेतल्या ड्रॉइंगमास्तरांनी, "कोण कमी करतो?" असं विचारलं आणि बेकरीवाल्याने हात वर केला. तो हात अजून खाली आलेला नाही.

बरं, हा डोंगर रोज सकाळी नाश्त्याला यायचा तोही यांच्याच बेकरीत. लोणी लावलेले चार पाव. पैशांचं नाव नाही. "संघाचं काम आहे गं," नवरा म्हणायचा. म्हणजे घरचा धनी उपाशी आणि त्याच्या वाटचं गिळायला पाहुणा. काय म्हणावं याला?

इथवर तिने सोसलं. पण यंदा डोंगर आणखी भरला, आणि नवऱ्याने भट्टीतला घासभर पाव चाखायचंही सोडलं. झालं, पाव बिघडला. हॉस्पिटलच्या कॅन्टीनवाल्या बाईंनी तोंडावर सांगितलं, "पेशंट म्हणतात, पाव तोंडात नुसता फिरतो. रविवारी चारला येते. चव पटली नाही तर सोमवारपासून दुसरी बेकरी."

निम्मी भट्टी त्या एका ऑर्डरवर पेटत होती. काहीतरी बिघडलंय एवढं तिच्या जिभेला कळत होतं. काय बिघडलंय, ते कळायला नवऱ्याचीच जीभ लागायची.

"अहो, एक घास चाखा आणि थुंकून टाका."

"पाव थुंकणारा बेकरीवाला मी नाही. आणि घशाखाली उतरल्याशिवाय मला कळत नाही. एक उतरला की पुढचा थांबत नाही, तुला ठाऊक आहे."

"मग?"

"रविवारी अकराला वजन झालं की लगेच चाखतो."

"अकराला तुमचं वजन, चारला त्या बाई. मधे पीठ मळायचं, चार तास फुगू द्यायचं, भाजायचं कधी? मास्तर येऊन फुंकर घालणार आहेत का?"

तो बूट पुसू लागला.

रविवारी सकाळी आठलाच ती पिशवीत पहाटेचे तीन पाव टाकून मैदानावर गेली. मैदानामागच्या खोलीत आठ धटिंगण नुसत्या चड्ड्यांवर उभे होते, आणि मास्तर अकराच्या वजनाआधी एकेकाला काट्यावर चढवून बेरीज करून पाहत होते. बेरीज दोनशे ग्रॅम कमीच भरली होती. मास्तरांचा चेहरा मुलं पास झाल्यासारखा फुलला होता.

तिने नवऱ्यासमोर पाव धरला. "खा."

"वहिनी," मास्तर कळवळले, "वजन होऊ द्या, मग दहा चारा त्याला!"

"तेव्हा उशीर झालेला असेल." ती नवऱ्याकडे वळली. "मी भांडायला नाही आले. मला भीती वाटतेय. तुमच्या जिभेशिवाय ती बेकरी माझ्याने चालायची नाही."

त्याने मास्तरांकडे पाहिलं, पावाकडे पाहिलं, आणि तोडला एक घास. डोळे मिटून चावला, गिळला.

"मीठ कमी आहे."

"मिठाचा रोजचाच मग भरून टाकते मी."

"नवं मीठ जाडं आहे. जाडं मीठ त्याच मगात कमी बसतं. सव्वा मग टाक."

"कमाल आहे! आठ आठ माणसं ग्रॅमवर तोलता, आणि मिठाचं तेवढं वजन करायचं राहिलं?"

नवऱ्याचं तोंड रिकामं नव्हतं. पहिला पाव संपला, पिशवीतून दुसरा निघाला, मग तिसरा, वर पेलाभर पाणी. मास्तरांनी त्याला पुन्हा काट्यावर चढवलं आणि खालीच बसले. दोनशे ग्रॅम वर!

मग सगळ्यांनी सवयीने बेकरीवाल्याकडे पाहिलं. त्यानेही सवयीने, घाम काढायला धावताना घालतात तो रेनकोट उचलला.

"हात लावाल तर खबरदार," ती म्हणाली. रेनकोट तिने डोंगरासमोर धरला. "भावोजी, तुमच्यापायी हे अकरा वर्षं उपाशी आहेत. आज थोडं तुम्ही धावा."

डोंगर कानापर्यंत लाल झाला. "मला वाटायचं, याला भूकच लागत नाही," तो म्हणाला. खरंच तसं वाटत होतं बिचाऱ्याला. त्याने रेनकोट कसाबसा अंगात चढवला आणि उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लागला. ती पीठ मळायला पळाली.

चारला कॅन्टीनवाल्या बाई आल्या. एक तुकडा चावला, न विचारता दुसरा घेतला. "हां, हा पाव!" म्हणाल्या आणि गेल्या. ऑर्डर राहिली.

नवरा दिवेलागणीला परतला.

"वजन बसलं का?"

"बसलं. पण पहिल्याच फेरीत फरफटत नेलं आम्हाला. डोंगराचे पाय लटपटत होते."

"वाईट झालं," ती म्हणाली. तिला अजिबात वाईट वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर आला. तिने नेहमीसारखे चार पाव ठेवले. त्याने त्यातले दोन मागे सारले, लोणीही परत दिलं.

"दोन पुरे. आता वजन कमी करायच्या पाळ्या लावल्यात मास्तरांनी. पहिली माझी." आणि गल्ल्यावर पैसे ठेवले.

आत भट्टीसमोर नवरा उभा होता. गरम पाव तोडून, कुणी न सांगता, अख्खा खात होता.

"मीठ बरोबर आहे," तो तोंडातल्या घासासकट म्हणाला.

तिने गल्ल्याकडे तोंड फिरवलं आणि डोंगराचे पैसे उगाच दोनदा मोजले. नवऱ्याला असं पोटभर खाताना पाहून तिला रडू येत होतं, आणि डोंगरासमोर रडायची तिची बिलकूल तयारी नव्हती.