रिकाम्या पेल्याचा वास

मित्रांनो, मी काचेचा एक जुना पेला आहे. पोट गोल, तोंड अरुंद, खाली आखूड दांडी. पाणी प्यायला मी गैरसोयीचाच, पण माझा जन्म मुळी वास घेण्यासाठी झाला. भट्टीतल्या कारागिराने माझं तोंड मुद्दाम आवळलं, म्हणजे आतला वास इकडेतिकडे पळू नये.

माझे मालक अच्युतराव रायपूरजवळच्या उरला या ठिकाणी एका दारूच्या कारखान्यात परीक्षक होते. दारू हे काही तुम्हा मुलांचं पेय नव्हे, आणि गंमत अशी, की अच्युतरावही ती पीत नसत. घोटभर तोंडात घोळवायची, थुंकायची आणि वहीत मत लिहायचं. तेवीस वर्षं मी त्यांच्या हातात होतो. ते निवृत्त झाले आणि मी रायपूरच्या बूढापारा वस्तीतल्या त्यांच्या घरी कपाटात पडलो.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, मोठी हॉटेलं उभी राहिली. अशाच एका हॉटेलचे व्यवस्थापक देवीदास एका दुपारी घरी आले. सोबत भांडार सांभाळणारा लोकेश, आणि जपानी सिंगल माल्ट व्हिस्कीची एक उघडलेली बाटली.

"साहेब, पाहुणा म्हणते, हिले अगरबत्तीचा वास येऊन राहिला. भांडाराची चाबी याच्याजवळच असते. मिलावट असन त आजच याची छुट्टी."

"काका, मैंने हाथ भी नहीं लगाया," लोकेश खाली पाहत म्हणाला.

किती दिवसांनी कोणी मत विचारायला आलं होतं! अच्युतरावांनी घाईघाईने मला काढलं, रुमालाने पुसलं आणि थोडी व्हिस्की ओतली. नाक आत आलं, कपाळाला आठी पडली.

"अगरबत्तीच आहे. मिलावट."

लोकेशचा चेहरा उतरला. तेवढ्यात अच्युतरावांच्या पत्नी शांताबाई पाणी घेऊन आल्या.

"अहो, हा गिलास काहून काढला? फुटू नये म्हणून देवाच्या कपाटात ठेवला होता मी त्याले, उदबत्तीच्या पुड्यांमागं."

अच्युतरावांनी मला खाली ठेवलं; उदबत्तीचा वास माझाच होता. परीक्षकाने आधी रिकामा पेला हुंगायचा असतो, हे त्यांनीच कितीतरी नव्या मुलांना शिकवलं होतं. ते उठले. देवीदासांना त्याच मालाची सीलबंद बाटली आणायला पाठवलं, मला गरम पाण्याने तीनदा धुतलं आणि उन्हात पालथं ठेवलं. वाळल्यावर मला रिकामंच हुंगलं. काही नाही.

देवीदास परतल्यावर एकेक बाटली हुंगली, मधे पुन्हा मला धुऊन. वास खुलावा म्हणून दोन्ही वेळा पाण्याचे चार थेंब टाकले. दोन्हीकडे पिकल्या पेरूचा गोडवा, मध, आणि तळाशी अगदी हळू चंदन.

"हा वास लाकडाचा आहे," अच्युतराव म्हणाले. "जपानातल्या ओकच्या लाकडी पिपात वर्षानुवर्षं मुरली की असा वास उतरते. पाहुण्यानं तोच हुंगला. दोन्ही बाटल्या एकच. पोट्ट्यानं काही केलं नाही."

देवीदासांनी मान हलवली. अच्युतराव लोकेशकडे वळले. "बेटा, चूक माही होती. माह्या घाईनं तुही नोकरी गेली असती."

शांताबाईंनी लोकेशपुढे चहा धरला. "घे रे. कप धुतलेले आहेत. यांचा भरोसा नसन त हुंगून घे."

तेव्हा कुठे तो हसला.

मित्रांनो, आता मी स्वच्छ फडक्यात, वेगळ्या फळीवर असतो. आम्हा वस्तूंना तुम्ही जो शेजार द्याल, त्याचाच वास आम्ही पुढे सांगतो, म्हणून जपून ठेवा. आणि कोणाच्या पोटापाण्याचा निकाल द्यायची वेळ आली, तर धुतलेला पेला वाळायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तरी त्या माणसाला द्या.