चौसष्ट मडक्यांची नावं

सानगडीच्या सत्यभामाबाईंकडे धानाच्या चौसष्ट जाती आहेत आणि त्यातली एकही बाजारात मिळायची नाही. चौसष्ट मडकी, तोंडं शेणामातीनं लिंपलेली, प्रत्येकाच्या पोटावर चुन्यानं काढलेला नुसता आकडा. नाव नाही, गाव नाही. कोणतं धान बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, खोल पाण्यात तग धरतं, कोणतं दसऱ्याआधी हाती येतं, कोणत्या तांदळाची पेज बाळंतिणीला द्यायची, ते सगळं कॉम्प्युटरमध्ये. बाईंना चाळीसेक जाती तोंडपाठ. बाकीच्या मडक्यांत हात घातला तर त्यांनाही सांगता येत नाही. शेवटी धान ते धान, कितीही निरखा, बोलतं थोडंच!

आणि नेमका मे महिना सरता सरता, रोपासाठी बियाणं टाकायला आठ दिवस उरलेले असताना, कॉम्प्युटरनं डोळे मिटले.

झालं असं, की सूनबाई रीता त्यात काहीतरी अपडेट टाकत होती आणि अर्ध्यावर लाइन गेली. लाइन आली तेव्हा काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी, बस्स. रीताला दुसऱ्या दिवशी भावाच्या लग्नाला लाखनीला जायचंच होतं, ती रडतच गेली. मग बाईंच्या नवऱ्यानं, खुशालरावांनी, कॉम्प्युटरचा तो डबा बायकोच्या जुन्या लुगड्यात बांधला, बसमध्ये लेकरासारखा मांडीवर घेतला आणि नवरा-बायको साकोलीला रुचिकाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात येऊन बसले.

रुचिका तिशीची, बोलायला मोकळी. हायवेवरून ट्रक गेला की तिच्या दुकानाची काच थरथरायची, पण तिचा हात काही हलायचा नाही. तिनं डबा उघडला, वायरी जोडल्या, पाहिलं.

"काकू, यात लिनक्स आहे. सिस्टीम खराब झाली. जुनी पुसून नवी टाकावी लागते."

बाई उठून उभ्याच राहिल्या. "पुसून? नि माह्या मडक्यायचं कसं होईन वं?"

"तुमच्या फायली नाही पुसत हो! ज्यानं पहिल्यांदा हे बसवलं, तो हुशार होता. त्यानं डिस्कचे दोन भाग करून ठेवले. एकात सिस्टीम, दुसऱ्यात तुमचं सामान. त्या दुसऱ्याचं नावच 'होम' आहे. मी सिस्टीमचा भाग पुसते, नवा करते, होमले हात लावत नाही. वरून होमची एक कॉपी माह्या डिस्कवर काढून ठेवते."

बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. "म्हनजे तू भिंती पाडशीन, छप्पर काढशीन, सारं नवं उभं करशीन, नि देवापुढचा दिवा जागचा हलनार नाही?"

"तसंच समजा."

"बाप्पा!" बाई म्हणाल्या. "आयकून राहिले का हो? आपलं घर बांधताना तं तुमी माही चूलही अंगनात काढली होती."

खुशालराव नेमके तेव्हाच बाहेरचे ट्रक पाहू लागले.

रुचिकानं बोटाएवढा पेन ड्राइव्ह खोचला, बटण दाबलं, आणि काल मेलेला डबा त्या बोटाएवढ्या तुकड्याच्या जोरावर उठून बसला. निळा पडदा, वर छोटी छोटी चित्रं. बाईंनी तोंडावर पदर घेतला. सिस्टीम तर बिघडलेली, मग हा श्वास कोणाचा? रुचिका म्हणाली, "हा माह्या पेन ड्राइव्हचा. तुमचा अजून झोपूनच आहे." बाईंना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यांनी पेन ड्राइव्हला हात जोडले. आणि का जोडू नयेत? आपण विळ्याला जोडतो, तिफणीला जोडतो.

मग तिनं होम उघडून दाखवलं. रीताच्या लग्नाचे फोटो. खुशालरावांचे सिनेमे, ढिगानं. नातवाच्या बारशाचा व्हिडिओ. "सगळं शाबूत आहे, काकू." त्याची कॉपी व्हायला तासभर लागला, तेवढ्यात दोनदा चहा झाला.

शेवटी पडद्यावर प्रश्न आला. रुचिकानं वाचून दाखवला: हा भाग पुसायचा, हा ठेवायचा, नक्की ना? तिचं बोट माउसवर होतं.

"दाबू?"

"दाब ना," खुशालराव म्हणाले.

"थांब वं पोरी," बाई म्हणाल्या. "पयले बिजाई दाखव. फोटो दाखवले, सिनेमे दाखवले, यायच्या सिनेम्याचं मले काय करायचं आहे? बिजाई कुठं आहे?"

"बिजाई म्हणजे?"

"चौसष्ट मडक्यायची यादी. त्याच्याचसाठी तं आलो."

रुचिकानं होममध्ये शोधलं. नाही. कॉपीमध्ये शोधलं, तिथंही नाही. तिनं मागं वळून बाईंकडे पाहिलं, चेहरा उतरलेला. "काकू, ठेवली कुठं होती?"

बाई ताठ बसल्या. चुकल्याची शंकासुद्धा नव्हती हो त्यांना! "घरात नाहीच ठेवली. खायच्या धानासंग बिजाई ठेवते का कोनी? धान्याच्या एकाच ढोलीत असली तं उपाशी दिवसात हात तिच्यातच जाते. सून म्हने, आई, होममधी ठेवते. मी म्हनलं, ज्या घरात सिनेमे भरले तिथं बिजाई नाही ठेवाची. बाहेर येगळी ढोली कर. बाहेर ठेवाले पासवर्ड लागते म्हने, तो टाकून तिनं केली."

रुचिकानं माउसवरचा हात असा काढला, जसा तापल्या तव्यावरून काढावा. तिनं रीताला फोन लावला. पलीकडे बँडचा धिंगाणा. रीता ओरडून म्हणाली, "हो ताई, बाहेरच आहे, सिस्टीमच्या भागात! बिजाई नावाचा फोल्डर! मी लाख सांगतलं, आईंनी आयकलं नाही!"

म्हणजे जो भाग पुसायचा होता, त्यातच. आणि होमची कॉपी काढून सगळे निर्धास्त चहा पीत बसले होते.

रुचिकानं जपून तो भाग उघडला. बिजाई होती. आत चौसष्ट फोल्डर, एकाखाली एक. तिनं सत्ताविसावा उघडला आणि मोठ्यानं वाचलं, "काळी साय. पंधरा दिवस पाण्याखाली राहिलं तरी मान वर काढते. लोंबी तोडताना हात काळे होतात. दिलं भैय्यालालनं, ओंजळभर, घरात शेवटचं तेवढंच होतं." मग अठ्ठाविसावा. मग एकोणतिसावा. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, कंटाळून निघूनही गेलं, तिला पत्ता नाही. तीन पिढ्यांपूर्वी कोणी कोणाच्या ओटीत काय घातलं होतं, तेही त्यात होतं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "माह्या दुकानात एवढं मोठं काही आजपर्यंत आलं नाही."

तिनं ती बिजाई आधी आपल्या डिस्कवर घेतली, मग होममध्ये ठेवली, दोन्हीकडे उघडून पाहिली, चौसष्ट मोजली. त्यानंतरच बटण दाबलं.

पडद्यावर एक पट्टी भरत गेली. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, तरी बाई पापणी न हलवता पाहत होत्या. वीस मिनिटांनी डबा बंद झाला आणि पुन्हा उठला, या वेळी पेन ड्राइव्ह काढलेला, स्वतःच्या श्वासानं. रीताचं नाव आलं, पासवर्ड टाकला आणि समोर त्यांच्याच गावच्या तलावाचा फोटो उभा राहिला, कमळांसकट, रीतानं लावला होता तसा. सारं नवं आणि सारं तेच. बाईंचे डोळे भरून आले. "माय वं माय," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"झालं, काकू. आता माह्या डिस्कवरचं सगळं पुसते. गिऱ्हाइकाचं काही ठेवत नाही मी, दुकानाचा नियम आहे."

बाईंनी तिचं मनगट पकडलं, घट्ट.

पंचवीस वर्षं त्यांनी हाती आलेल्या प्रत्येक जातीचं बी दहा घरी वाटलं होतं. एका घराचं बी एका आगीत जातं, एका उंदरात संपतं, हे त्या गावोगाव बायकांना बजावून सांगायच्या. आणि नावं? नावं एका डब्यात. तो डबा आज एका लुगड्यात, एका बसमध्ये, एका म्हाताऱ्याच्या मांडीवर हिंदकळत आला होता.

"मी चुकली, पोरी," त्या म्हणाल्या. "मले वाटे, येगळी ठेवली म्हनजे जपली. वाटली कुठं? एकाच ठिकानी कोंडून ठेवली." त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. "फोटो पूस, सिनेमे पूस, तुहा नियम पाळ. बिजाई पुसू नको. तूही ठेव."

"मी? काकू, माह्याजवळ तं बांधीभर शेतही नाही."

"नावाले शेत कायले लागते वं?"

रुचिकानं बिजाई राहू दिली. मग तिनं टेबलाचा खण ओढला, होते नव्हते तेवढे पेन ड्राइव्ह बाईंसमोर ओतले आणि विचारलं, "आणखी किती घरं?"

बाई बोटांवर नावं घेऊ लागल्या. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी त्या थांबल्या नाहीत.