मादामचं जेवण

मावशींनी दुपारचा ट्रे परत आणला, सिस्टरांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. आजपण पाव फेकला."

सिस्टरांनी ट्रे पाहिला. सूप होतं तेवढंच होतं. उकडलेल्या भाज्या गार होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. पावाचा तुकडा ताटलीच्या डाव्या बाजूला, ट्रेवर अंथरलेल्या कापडावर पडला होता. त्यांनी तक्त्यात लिहिलं : सूप शून्य, घन आहार शून्य, पाणी साठ मिलिलिटर. शेऱ्याच्या रकान्यात सकाळच्या पाळीतल्या नर्सने आधीच लिहून ठेवलं होतं : 'अन्न बाजूला टाकते. हात ताठ धरते. प्रतिकार.'

वृद्धांच्या त्या शुश्रूषागृहात दुसऱ्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीत मादाम राहत होत्या. वय चौऱ्याऐंशी. साठ वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या फ्रान्समधून या शहरात आल्या. भाजीवालीशी भांडण्याइतकी इथली भाषा त्यांना उत्तम येत होती, असं त्यांच्या नवऱ्याचा पुतण्या सांगायचा. नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. वर्षापूर्वी मेंदूला दुसरा झटका आला आणि मोठेपणी शिकलेली सगळी भाषा पुसली गेली. उरली ती लहानपणीची. दाखल होताना वजन सत्तेचाळीस किलो होतं, आता एकोणचाळीस. नऊ आठवड्यांपासून, जेवण खोलीतच ट्रेवर येऊ लागलं तेव्हापासून, त्या जेमतेम खात होत्या.

त्या सकाळी राउंडला डॉक्टरांनी सांगितलं होतं की सोमवारी दुपारपर्यंत वाट पाहू, नाहीतर नाकातून नळी घालू. पुतण्याने संमतीच्या कागदावर सही करून ठेवली होती. तो वाईट माणूस नव्हता. काकू उपाशी राहू नये एवढंच त्याचं म्हणणं होतं.

नळी घातली की हातही बांधावे लागणार, हे सिस्टरांना कुणी सांगायची गरज नव्हती. ज्याला कळत नाही असा रुग्ण नळी ओढून काढतो. मग कापडी मोजे चढवायचे आणि पलंगाच्या कठड्याला पट्ट्यांनी बांधायचं. एका ओढीत सुटेल अशी गाठ मारायची असते. ती गाठ त्यांनी एकतीस वर्षांत इतक्या वेळा मारली होती, की ती मारताना त्या दुसऱ्या कशाचा तरी विचार करू शकत.

फ्रेंचचा वर्ग त्यांनी सात महिन्यांपूर्वी लावला होता. आधी फोनवरून तीन वाक्यं पाठ केली होती. कुठे दुखतंय, तहान लागली का, थंडी वाजते का. त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं तेव्हा मादामचा चेहरा उजळला आणि त्या सलग चार मिनिटं बोलल्या. सिस्टरांना त्यातलं अक्षर कळलं नाही. दुखणं कुठे आहे हे विचारता येतं आणि उत्तर कळत नाही, यापेक्षा न विचारलेलं बरं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चाललेल्या वर्गात नाव घालून आल्या.

वर्गात सगळी विशीतली मुलं. कुणाला हॉटेलात नोकरी हवी होती, कुणाला परदेशी शिकायचं होतं. शिकवणाऱ्या बाई स्वतः तिशीच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की फ्रेंचमध्ये दोनच लिंगं, नपुंसकलिंग नाही. तेव्हा सिस्टरांनी हात वर करून विचारलं होतं, "मग मूल कुठे टाकतात?" वर्ग हसला. बाई म्हणाल्या, मुलगा असेल तर इकडे, मुलगी असेल तर तिकडे. सिस्टरांनी ते वहीत उतरवून घेतलं. बाकी त्यांना फार अवघड गेलं नाही. खुर्ची तिकडेही 'ती' होती. चमचाही 'ती' होता, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरक मुलांना आठवडाभर समजावावा लागला. सिस्टरांना तो घरून येतानाच माहीत होता, आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं की अख्खा मजला मादामना 'अगं आजी' म्हणतो.

शब्द त्या औषधाचे डोस द्यावेत तसे नेमाने पाठ करत. रोज वीस, जुने पाच मध्येच मिसळून. घरी मुलगी वही धरून विचारायची आणि चुकलं की म्हणायची, "आई, अंगठे धर." नवरा पेपराच्या आडून म्हणायचा, "एवढं करून शेवटी मलाच ओरडणार ना, तेही मराठीतच."

त्या गुरुवारी संध्याकाळी वर्गात नववा धडा होता. पुस्तकात प्रत्येक धड्याला दोन पानं व्याकरण, एक पान शब्द आणि शेवटचं पान एखाद्या प्रांताचं. मुलं ते पान सोडून द्यायची, कारण त्यावर परीक्षेत प्रश्न नसायचा. नववा धडा ब्रिटनीचा होता. पाटीच्या दगडाची छपरं, दिवसातून दोनदा लांबवर ओसरणारा समुद्र, खारं लोणी. मादामच्या कागदांवर जन्मस्थळ म्हणून लिहिलेलं गाव याच प्रांतातलं होतं, म्हणून सिस्टर ते पान शब्दकोश घेऊन वाचू लागल्या. खाली जेवणाच्या टेबलाचं चित्र होतं. सात माणसं बसलेली. त्यांना आधी दिसले ते हात. सगळ्यांची मनगटं टेबलाच्या कडेवर टेकलेली, कुणाचाही हात मांडीवर नाही. मग पाव दिसला. प्रत्येकाचा तुकडा ताटलीत नव्हता, डाव्या बाजूला सरळ कापडावर ठेवलेला होता.

त्यांनी बाईंना विचारलं, ही चित्रकाराची हौस आहे की खरंच असं करतात?

बाई म्हणाल्या की खरंच करतात, नुसतं ब्रिटनीत नाही, सगळीकडे. हात टेबलावर दिसले पाहिजेत, आणि पावाला ताटलीत जागा नसते. "आणि घरची बाई बसून पहिला घास घेईपर्यंत पाहुण्यांनी सुरुवात करायची नाही. जुन्या माणसांत तर फारच पाळतात."

सिस्टरांनी वही मिटली. नऊ आठवड्यांचे शेरे त्यांना पाठ होते. अन्न बाजूला टाकते. हात ताठ धरते. त्यातले निम्मे त्यांच्याच अक्षरातले होते.

शुक्रवारी दुपारी त्यांनी मादामच्या खोलीतलं फिरतं टेबल खिडकीशी लावलं, स्वतःच्या डब्यातली भाजी एका ताटलीत काढून घेतली आणि समोर बसल्या. रुग्णाच्या खोलीत बसायचं नाही, खायचं तर मुळीच नाही, हे प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. पाठ टेकताना त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. दुपारच्या वेळी बसून जेवल्याचंही त्यांना आठवत नव्हतं. इथे पँट्रीत उभ्याने, घरी ओट्याशी उभ्याने. चमचा कोणत्या हाताने उचलावा इथपर्यंत सगळं अवघडल्यासारखं झालं.

त्यांनी एक घास घेतला. मादाम पाहत होत्या. त्यांनी आपला पाव उचलून डावीकडे ठेवला, मनगटं टेबलाच्या कडेला टेकवली, सिस्टरांना काहीतरी आभारासारखं म्हणाल्या आणि सूप प्यायला लागल्या. एकशे ऐंशी मिलिलिटर. निम्मी भाजी. वाटीच्या तळाशी उरलेलं पावाने पुसून घेतलं.

शनिवारी दोनशे दहा. मावशी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी कुणाला सांगितलं असं नाही, पण त्यांच्या पोटात काही राहत नसे. तीन वाजता मेट्रननी सिस्टरांना बोलावून घेतलं.

दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या. मेट्रन ओरडल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी या मजल्यावर जुलाबांची साथ आली होती आणि तिघं दगावले होते. त्या चौकशीला कुणी तोंड दिलं, याची त्यांनी आठवण करून दिली. बाहेरचा डबा, रुग्णाचं टेबल, तीच नर्स पुढे दुसऱ्या पाच खोल्यांत जाणार.

"तुला एकटीला परवानगी दिली, तर उद्या सगळ्याच डबे घेऊन बसतील," मेट्रन म्हणाल्या.

सिस्टर म्हणाल्या, "त्या जेवत नाहीत असं नाही गं. त्या थांबतात. नऊ आठवडे आपण त्यांच्या डोक्यावर उभं राहून 'खा, खा' म्हणतोय."

"हे मी डॉक्टरांना काय म्हणून सांगू? निदान काय लिहू?"

समोर बसून जेवणं तिथेच बंद झालं. मेट्रनचं चुकत नव्हतं, हे सिस्टरांना कळत होतं.

रविवारी त्यांची सुट्टी होती. मावशींनी फोनवर सांगितलं, सूप शून्य, पाव फेकला. मग स्वतःच दुरुस्ती केली, "म्हणजे, बाजूला ठेवला."

सिस्टर दिवसभर विचार करत होत्या. यजमानीण बसल्याशिवाय पाहुणी जेवत नाही. यजमानीण बसू शकत नाही. मग पाहुणीचं काय करायचं? संध्याकाळी त्यांनी बाईंना फोन लावला, दोन वाक्यं जुळवून म्हणून दाखवली आणि उच्चार दुरुस्त करून घेतले. मुलीने वही धरली. या खेपेला तिने अंगठे धरायला सांगितलं नाही.

सोमवारी साडेबाराला त्यांनी ट्रे नेला. टेबल खिडकीशी लावलं, पण मादामची खुर्ची उचलून पलीकडे ठेवली, जिथून दार दिसतं, आणि त्यांना तिथे बसवलं. मग रिकाम्या हातांनी समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "व्हूझेत शे व्हू, मादाम." तुम्ही तुमच्या घरी आहात. मग दुसरं, "ऑं व्हूझातां." आम्ही तुमच्यासाठी थांबलोय.

मादामनी खोलीभर नजर फिरवली. कपाट, पलंग, हात धुवायचं भांडं. पदार्थांकडे पाहिलं. सूप किंचित पुढे ओढलं, चमचा बुडवला आणि चवीपुरतं तोंडात घेतलं. चव बहुधा पसंत पडली नाही. तरी त्यांनी मान हलवली, घरच्या बाईला पाहुण्यांसमोर हलवावी लागते तशी, आणि दुसरा चमचा भरला.

तिसऱ्या चमच्याला मेट्रन आणि डॉक्टर दारात आले. डॉक्टरांच्या हातात फाइल होती, मागे नळीचं पाकीट ठेवलेली ट्रॉली. मादाम थांबल्या. त्यांनी चमचा वाटीत ठेवला आणि उभ्या असलेल्या तिघांकडे एकेक करून पाहिलं.

"आसेये-व्हू," त्या म्हणाल्या.

"काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसा म्हणतात," सिस्टर म्हणाल्या. "आता घर त्यांचं आहे. पाहुणे उभे आहेत तोवर त्या पुढे जेवणार नाहीत."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं. खोलीत एक खुर्ची रिकामी होती, ती त्यांनी मेट्रनपुढे सरकवली आणि स्वतः पलंगावर चढायला ठेवलेल्या पायरीच्या स्टुलावर बसले. त्यांचे गुडघे छातीला लागत होते. सिस्टर खिडकीच्या कट्ट्यावर टेकल्या.

मेट्रन उभ्याच होत्या. मादाम त्यांच्याकडे पाहत राहिल्या, रागाने नाही, पाहुण्याला संकोच वाटत असेल तर त्याला थोडा वेळ द्यावा तशा. शेवटी मेट्रननी गणवेश गुडघ्यांपाशी सावरला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकल्या.

मादामनी चमचा उचलला. वाटीतलं सूप खाली खाली जात होतं आणि डॉक्टर फाइल न उघडता ते पाहत होते.

पलीकडच्या खोलीतली घंटा वाजली. मेट्रन सवयीने अर्ध्या उठल्या. मादामचा चमचा हवेतच थांबला.

मेट्रन पुन्हा बसल्या, आता मागे टेकून.

"मावशी बघतील," त्या म्हणाल्या.