बरणीतली मुळं

त्या दुष्काळात मुरुडजवळच्या मळ्यापुढं लागलेली रांग पाहून टँकर आलाय असंच वाटे. फक्त घागरी कुणाकडं नसत. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, तिथं कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशनही होत होतं; तरी माणसं येत ती गुंडप्पा वैद्याकडं. त्याच्या ओट्यावर काचेच्या बरण्या होत्या आणि बरण्यांत काळ्या, वाळक्या खपल्या.

"ही कॅन्सरची मुळं," गुंडप्पा सांगे. "आपला लेप फकस्त रोगाला धरतो. निरोगी मांसाला शिवत बी न्हाई."

लेप तो लाकडी काडीनं लावी. बोटानं कधीच नाही.

रांगेत भामाबाई उभी होती. तिच्या छातीत गाठ होती आणि येत्या सोमवारी लातुरात तिचं ऑपरेशन ठरलं होतं. ते सोडून ती इथं आली होती. सोबत लेक पंचशीला, शिरूर अनंतपाळच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. तिनं घरी परोपरीनं सांगून पाहिलं होतं. पण बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून भामाबाईनं ना नवस केला, ना अंगारा लावला. अंगात येणाऱ्या बाईला तिनं दारातून परत पाठवलं होतं. इथं तर देवही नव्हता आणि लिंबूही नव्हतं, होतं ते औषध. मग ही अंधश्रद्धा कशी, असा तिचा बिनतोड सवाल होता.

त्यांच्याच गल्लीतल्या केवळाबाईचं 'मूळ' मागच्या साली याच लेपानं पडलं होतं. तिनं पेढे वाटले होते. आता तिच्या काखेत गाठ आली होती. गुंडप्पाचं म्हणणं, तिनं वांगं खाऊन पथ्य मोडलं. तिच्याकडचा उरलेला लेप पंचशीलेनं शाळेत तपासला, मग घरी मटणाच्या तुकड्यावर लावून आईला दाखवला. सकाळपर्यंत मटण काळं पडून सुटून आलं.

"त्या बकऱ्याला गाठ असंल," भामाबाई म्हणाली होती.

ओट्यापाशी नंबर आला. पंचशीलेनं बांगड्या मागं सारून मनगट पुढं केलं.

"मला काही आजार नाही. आधी इथं लावा."

गुंडप्पा हसला. त्यानं काडी बुडवली. तेवढ्यात भामाबाईनं लेकीचा हात झटक्यात मागं ओढला. का ओढला, ते तिचं तिलाच उशिरा कळलं. ती स्वतः ओट्यापुढं सरली. मग म्हणाली, "वैद्यबुवा, पोरीला नगं. तुमी निरोगी हाव ना? तुमच्याच हाताला लावा की."

गुंडप्पानं हात उपरण्यात घेतला. वैद्याला त्याचं औषध लागू पडत नसतं, असं काहीतरी तो पुटपुटला.

"मग ती काडी तरी कशापाई?" भामाबाईनं विचारलं. रांगेत खसखस पिकली.

पंचशीलेनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. चुना आणि धुण्याचा सोडा कालवला की जबर जाळणारा खार तयार होतो. काळा रंग कोळशाच्या पुडीचा. हा खार कुठलंही मांस जाळतो, निरोगीसुद्धा. जळकं मांस गळून पडतं, तेच बरणीतलं मूळ. रोग खाली तसाच राहतो, पसरतो, आणि ऑपरेशनची वेळ हातची जाते. केवळाबाईचं वांग्यानं काही बिघडलं नव्हतं.

रांग लगेच मोडली नाही. काहीजण निघाले, काहीजण चुळबुळत उभे राहिले.

देवाचं नाव घेतलं नाही म्हणून कुणी शास्त्रज्ञ होत नाही. औषध देणाऱ्यालाही पुरावा मागावा. आणि जे लेकीच्या मनगटाला लावू देणार नाही, ते स्वतःच्या छातीला लावू नये.

सोमवारी भामाबाई लातूरच्या एसटीत बसली, ती केवळाबाईला शेजारी घेऊनच.