मंग काय दिसलं?

रूपीबाईला फोनमधलं फारसं कळत नव्हतं, तरी लेकीच्या ॲपची पहिली तपासनीस तीच होती. सोनू पुण्यात राहून मोबाईलची ॲपं बनवायला शिकत होती, आणि फुलसावंगीजवळच्या आपल्या तांड्यासाठी तिनं एक बनवायला घेतलं होतं. शेतातली लाईन कधी येईल याचा नेम नसतो. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर मोटरपाशी ठाण मांडून बसावं लागतं. म्हणून ज्याला लाईन आलेली दिसेल त्यानं बटन दाबायचं, की साऱ्या तांड्याचे फोन वाजणार.

सुरुवातीला ते ॲप मानपानाला टपलेल्या जावयासारखं होतं. जरा काही झालं की रुसून बसायचं. मग रूपीबाई टेकाडावर चढायची, कारण बोलण्याइतकी धड रेंज तिथंच, आणि सोनूला फोन लावायची. सोनू विचारायची, आधी काय दाबलं, मग काय दिसलं, तू तेव्हा कुठं उभी होतीस. उभ्या जन्मात रूपीबाईला कुणी इतकं विचारलं नव्हतं. नवरा लालसिंग भला माणूस, पण त्याचे प्रश्न भाकरीपाशी सुरू होऊन भाकरीपाशीच संपत. बिघाड सांगता सांगता ती गाभण शेळी, शेजारणीचं भांडण, सारं सांगून टाकी आणि लेक ऐकून घेई.

लेक हुशार निघाली, हीच पंचाईत झाली. ॲप सुधारलं आणि फोन आटले. रूपीबाई टेकाडावर नुसतीच जाऊन बसू लागली. लेकीची आठवण तिला घरात बसू देईना. शेवटी न राहवून तिनं ठोकून दिलं, की बटन दाबलं की पडदा पांढरा होतो. सोनूचे प्रश्न पुन्हा सुरू झाले. गोड लागलेलं खोटं एकदा बोलून कुणाचं भागलंय?

पण नसलेला बिघाड सापडणार कसा? सोनू शोधून शोधून रडकुंडीला आली. सोमवारी सरांना ॲप दाखवायचं होतं. हे सोडून देते, दुसरंच काही साधं दाखवते, असं ती म्हणाली. रूपीबाई पेचात पडली. खरं सांगावं तर हे फोन जाणार, न सांगावं तर लेकीची मेहनत जाणार.

"सोनू, तुह्या ॲपले काई नाही झालं," ती म्हणाली. "मीच खोटं सांगून राह्यली होती."

"काहून, याडी?" सोनूनं आईला विचारलं.

"तू विचारत होती ना, मंग काय दिसलं, मंग काय दिसलं. मले बरं वाटे."

मग सोनू म्हणाली की आता ती रोज फोन करेल. काही दिवस केलाही. पुढं सरांनी ॲप नावाजलं, शिकणं आणखी अवघड झालं, आणि रोजचा फोन रविवारावर गेला. तोही जेवलीस का, इतकाच. रूपीबाईनं तिला कधी दोष दिला नाही, पण रविवार लांब असतो.

हरभऱ्याला घाटे धरले तेव्हाची गोष्ट. एका दुपारी रूपीबाईनं बटन दाबलं आणि पडदा खरोखरच पांढरा झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा पांढरा. तिला इतका आनंद झाला की गवताचा भारा बांधावरच टाकून ती टेकाडाकडं निघाली. बांधावर उभी होते, ऊन डोक्यावर होतं, शेळीला दोन पिल्लं झाली, असं सगळं मनाशी जुळवत गेली. या खेपेला त्यात एक शब्द खोटा नव्हता.

वर पोचून, दम खाऊन तिनं फोन लावला.

"याडी, समजलं मले," सोनू घाईत म्हणाली. "तुह्या फोनले धड रेंज आली अन् मले इथं दिसलं. मांगच्या वेळेपासून मी तसंच शिकून घेतलं. आता काई बिघडलं की ॲप स्वतःच मले सांगते. दुरुस्तच करून राह्यली मी. आता तुले टेकाड चढाचं कामच नाही."

"बरं झालं," रूपीबाई म्हणाली.

फोन बंद झाला तरी ती तिथंच बसून राहिली. ऊन कलल्यावर तिनं ॲप उघडून पाहिलं. ते छान चालत होतं.