दोन नाकांच्या नाण्याचा लिलाव

मी एक जुनं नाणं आहे. इतकं जुनं, की माझ्यावरच्या राजाला आता कुणी ओळखतही नाही. मित्रांनो, तुम्ही ज्या बाकावर नाक ओढत बसला आहात ना, त्याच्या समोरच्या काचेच्या पेटीत मीच आहे. डॉक्टर आत बोलावेपर्यंत तुम्हाला वेळ आहे आणि मला तर वेळच वेळ आहे. तेव्हा ऐका. मध्ये शिंका आल्या तरी चालतील.

टांकसाळीत माझ्यावर ठसा पडला, मी जरासा सरकलो आणि तो पुन्हा पडला. झालं! राजाला दोन नाकं आली. माझ्या भावंडांचे राजे रुबाबदार, माझा मात्र कायम सर्दी झाल्यासारखा. दुकानदार मला उलटंसुलटं करून म्हणायचे, "खोटं आहे, दुसरं द्या." एका नाकाच्या माणसाच्याही नाकी नऊ येतात. माझे किती आले असतील, तुम्हीच हिशेब करा.

असा हातोहात नाकारला जात मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दुकानात आलो. त्यांची भाची त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही म्हणतो. आत्याच्या दुकानाची फरशी एका कोपऱ्यात खचलेली, त्यामुळे शिलाई मशीन डुगडुगायचं. आत्याने मला त्याच्या पायाखाली सरकवलं आणि मशीन गप्प झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी नीट बसलो होतो! शेजारी टाचण्या, दोऱ्यांचे तुकडे आणि खडूचा भुगा. माझं कौतुक कुणी केलं नाही. केलं असतं तरी त्या खडखडाटात ऐकू आलं नसतं म्हणा.

मग एक दिवस मशीननेच जीव टाकला. शाळा उघडायला आल्या होत्या, गणवेशांच्या कापडाचा ढीग छताला टेकायला आला होता. नवीन मशीन आलं नाही, तर तो सगळा ढीग दुसऱ्या दुकानात जाणार होता. आत्याचा चेहरा न इस्त्री केलेल्या कापडासारखा झाला. तेवढ्यात मशीनखाली केर काढताना भाचीला मी सापडलो.

"आत्या! याच्या राजाला दोन नाकं आहेत!"

"मग? रुमाल शिवून देऊ त्याला?"

"अगं, अशी चुकलेली नाणी लोक ऑनलाइन लिलावात घेतात! आणि ती टूथपेस्ट खाली ठेव. घासलंस तर कुणी घेणार नाही."

फोनवर माझा फोटो चढला. सुरुवातीची किंमत काय लिहायची, भाचीने विचारलं. आत्या म्हणाली, "वीस हजार."

"एवढे?"

"घासाघीस करायला जागा नको? मी वीस म्हणणार, गिऱ्हाईक पाच म्हणणार, आठवर जमणार. धंदा कोण करतंय इथे, तू की मी?"

"लिलावात भाव खाली येत नाही गं, वर जातो."

"वर जातो? मग तर बरंच आहे!"

मुदत संपली. एकही बोली नाही. आत्या भडकली. "इतकी माणसं बघून गेली, पण एकाने तरी विचारावं, 'ताई, किती कमी कराल?' काय पण लोक!"

मग भाचीने दुसरं टोक गाठलं. सुरुवात फक्त एका रुपयापासून! माझ्या नाकांना मिरच्या झोंबल्या. पण बोल्या आल्या. दोन, पाच, दहा.

"दहा?" आत्या किंचाळली. "दहात बटण येत नाही!"

हे बघवेना म्हणून ती समोरच्या चप्पलवाल्याकडे गेली आणि त्याच्या फोनवरून माझी अब्रू वाचवू लागली. कुणी बोली वाढवली की आत्या त्याच्यावर चढवायची. शेवटी सगळे दमून निघून गेले आणि आत्या नाचत परत आली. "जिंकलं!"

"कोण जिंकलं?"

"मी!"

भाचीने कपाळावर हात मारला. आत्याने मला आत्याकडूनच विकत घेतलं होतं, वर लिलाववाल्यांचं कमिशन.

"आपल्याच वस्तूवर आपण बोली लावणं म्हणजे लबाडी असते, आत्या!"

"लबाडी कसली? लबाडीत फायदा होतो. माझा तोटा झालाय!"

तिसऱ्या वेळी भाची स्टुलावर ठाण मांडून बसली. "विकणाऱ्यांनी काय मागितलं ते नाही बघायचं, त्यांना काय मिळालं ते बघायचं." तिने माझ्यासारखी चुकलेली नाणी खरोखर कितीला गेली ते शोधलं. मग म्हणाली, "समज, एकच माणूस आला आणि सुरुवातीच्याच भावात घेऊन गेला. तरी तुला रडू येणार नाही, असा कमीत कमी आकडा सांग."

"मशीनची किंमत."

"ती मशीनची झाली. नाण्याची सांग."

आत्याने मला तळहातावर घेऊन पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तीन हजार," ती हळूच म्हणाली. "त्याच्याखाली नाही हं. माझं मशीन सांभाळलंय त्याने."

मित्रांनो, वीस हजारांनी मला काहीच वाटलं नव्हतं. या तीन हजारांनी मात्र माझी दोन्ही नाकं भरून आली.

मग भाचीने नाकांचा जवळून फोटो काढला, चप्पलवाल्याला फोन बंद ठेवायची शपथ घातली, आणि तीन हजारांवरून सुरू झालेली बोली चढत चढत मशीनची किंमत ओलांडून गेली. मला जिंकलं ते तुमच्या या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी. नाकाची पारख दुसऱ्या कुणाला असणार?

काल आत्या डॉक्टरांचा नवा पांढरा कोट द्यायला आली होती. काचेला नाक लावून मला म्हणाली, "गणवेश वेळेत झाले रे सगळे. पण नवीन मशीनही डुगडुगतं. फरशी तीच ना! पुठ्ठा घातला, तर मेला सरकतो." आणि डॉक्टरांकडे वळली. "हे नाणं परत द्यायचे किती घ्याल?"

"विकायचं नाही, बाई."

"असं कसं? तुम्ही आधी वीस हजार म्हणा, मग मी बोलते!"

चला, तुमचं नाव पुकारलं. तेवढं एक करा, मित्रांनो. घरी गेलात की डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली वाकून बघा. तिथे कुणी मुकाट्याने भार उचलत बसलं असेल, तर त्याची किंमत नंतर ठरवा. आधी त्याला नाकं किती आहेत, ते तरी मोजा.