गळ्यावरच्या शिरा

बुलबुलच्या गळ्यावर शिरा काढायचं काम ताईचं होतं.

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण आणि या सिनेमाची मेकअपवाली. बुलबुल म्हणजे घराघरात वाजणारा गायक, पहिल्यांदाच नायक झालेला. सेटवर रेकॉर्ड केलेलं गाणं वाजायचं आणि याने ओठ हलवायचे. पण नुसत्या ओठांची चोरी कॅमेरा पकडतो. मानेच्या शिरा फुगाव्या लागतात, म्हणून नट खरोखर बोंबलून गातात.

बुलबुलला ते जमणार नव्हतं. एक गाणं रेकॉर्ड व्हायचं राहिलं होतं आणि त्याच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. ऑपरेशन गुपचूप उरकलं. डॉक्टरांनी बजावलं, "जखम भरेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. ओरडलात तर आवाज कायमचा जाईल." सेटवर सांगितलं, भूमिकेसाठी मौन पाळतोय. पेपरवाल्यांनी काय कौतुक केलं! गाढवं सगळी.

खरं ठाऊक होतं ते फक्त ताईला. ती रोज निळसर पेन्सिलीने त्याच्या मानेवर शिरा काढायची, कडा बोटाने पुसून घ्यायची.

"सांगून टाक रे त्यांना," ती म्हणायची.

तो मोबाइलवर टाइप करून तिच्या नाकासमोर धरायचा, "सांगितलं तर राहिलेलं गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेतील. माझ्या तोंडात दुसऱ्याचा आवाज? मेलो तरी चालेल."

त्या दिवशी आधीच रेकॉर्ड झालेल्या एका गाण्याचं शूटिंग होतं. खोटा रंगमंच, समोर भाड्याने आणलेली गर्दी. तीन टेक झाले. दिग्दर्शक कपाळावर हात मारून उठला.

"काय मेल्यासारखा उभा आहेस! ट्रॅक बंद करा. आता हा खरा गाणार."

ताई पुढे झाली. "साहेब, मौन आहे ना त्याचं..."

"मौन गेलं खड्ड्यात! तुम्ही पावडर लावा."

गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "बुलबुल, होऊन जाऊ दे!" मग सगळेच सुरू झाले. बुल-बुल, बुल-बुल! ताईने त्याचे डोळे पाहिले आणि ओळखलं. लहानपणी पाहुण्यांनी "गा रे" म्हटलं की हातातला घास टाकून उठायचा, तेच हे डोळे. आज हा स्वतःचा गळा चिरून घेईल, पण टाळ्या सोडणार नाही.

कॅमेरा चालू झाला. सेट चिडीचूप. बुलबुलने छाती भरून श्वास घेतला.

चालू कॅमेऱ्यासमोर मेकअपवालीने जाणं म्हणजे गुन्हाच. ताई सरळ चालत रंगमंचावर चढली आणि हातातला ओला स्पंज त्याच्या उघड्या तोंडात कोंबला.

"कट! कट! बाई, डोकं फिरलंय का?"

"ऑपरेशन झालंय त्याच्या गळ्याचं. गायला तर आयुष्यभर मुका राहील. आता काढायचं तर काढा आम्हाला."

बुलबुलने स्पंज थुंकून तिला असा धक्का दिला की ती दिव्याच्या स्टँडवर आदळली.

बाजूला खुर्चीत बसलेला निर्माता उठलासुद्धा नाही. "काढायचं कशाला?" तो म्हणाला. "पोस्टर लागलीत याच्या थोबाडाची. राहिलेलं गाणं दुसरा कोणी गाईल. हुबेहूब याच्यासारखं गाणारे गल्लोगल्ली पडलेत."

बुलबुल मटकन खाली बसला. गर्दीतल्या कोणालातरी हसू फुटलं.

पुढच्या आठवड्यात ते राहिलेलं गाणं शूटिंगला आलं. मेकअपच्या खोलीपर्यंत स्पीकरचा आवाज येत होता. कोणी परका पोरगा गात होता, आणि मेला बरा गात होता. बुलबुल आरशासमोर बसला होता. त्या दिवसापासून त्याने ताईसाठी मोबाइलवर एक अक्षरही टाइप केलं नव्हतं.

ताईने पेन्सिल उचलली. खांदा अजून ठणकत होता.

"मान वर कर."

त्याने केली नाही. दारावर थाप पडली, "शॉट रेडी!"

"रागाव, जन्मभर रागाव," ती म्हणाली, "पण उद्या मला शिव्या द्यायला तरी आवाज हवा ना तुला? कर वर."

स्पीकरवर तो पोरगा वरच्या सुराला पोचला. बुलबुलने डोळे घट्ट मिटले आणि मान वर केली.